नवे मूत्रपिंड, जुना दोष

निकामी झालेल्या मूत्रपिंडाच्या जोडीला दुसऱ्याचे धडधाकट मूत्रपिंड बसवले की आजार संपला, अशी प्रत्यारोपणाविषयीची सर्वसाधारण समजूत आहे, आणि जिथे बिघाड मूत्रपिंडातच सुरू झालेला असतो तिथे ती बऱ्याच अंशी खरीही ठरते. परंतु काही थोड्या रुग्णांत मूत्रपिंड हे रोगाचे मूळ नसून त्याचे भक्ष्य असते. मूळ असते ते शरीरातील पेशीपेशीत, जन्मतःच आलेल्या एका रासायनिक उणिवेत, आणि अशा शरीरात नवे मूत्रपिंड आले तरी ज्या द्रव्याने जुन्याचा घास घेतला तेच द्रव्य नव्यातही उतरू लागते. एपीआरटी नावाच्या विकराची आनुवंशिक कमतरता हे अशा आजाराचे ठळक उदाहरण होय. जगभरात नोंदलेले त्याचे रुग्ण काहीशेच आहेत; तरीही सामान्य वाचकाने तो समजून घ्यावा, कारण त्याचा माग साध्या सूक्ष्मदर्शकाखाली लागू शकतो, त्याचे औषध स्वस्त आणि सहज मिळणारे आहे, आणि असे असूनही अनेक रुग्णांत त्याचा शोध प्रत्यारोपित मूत्रपिंड बिघडल्यानंतरच लागला आहे.

चिपाडांचा ढीग

विकर, म्हणजे एन्झाइम, हे शरीरातील एखादी ठरावीक रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन असते. एपीआरटी हे ‘अ‍ॅडेनिन फॉस्फोरायबोसिलट्रान्सफरेज’ या लांबलचक नावाचे संक्षिप्त रूप आहे आणि अ‍ॅडेनिन नावाच्या रेणूला पुन्हा कामास लावणे एवढेच या विकराचे काम आहे. अ‍ॅडेनिन हा आनुवंशिक माहिती वाहणाऱ्या डीएनएचा एक घटक आहे आणि पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी या रेणूतही तो असतो. पेशींच्या वाढीसाठी लागणारी पॉलिअमाइन नावाची द्रव्ये तयार होताना तो उपपदार्थ म्हणून सतत सुटा होत राहतो, आणि थोडाफार अन्नातूनही येतो.

कोल्हापूरच्या गुऱ्हाळघराशी परिचित असलेल्यांना ही व्यवस्था चटकन उमगेल. घाण्यातून रस निघाल्यावर उरलेली चिपाडे तिथे फेकून दिली जात नाहीत. ती वाळवून चुलवाणात जळण म्हणून घातली जातात आणि त्याच उसाच्या रसाची काहील त्यांच्यावर उकळते. शरीरही सुट्या झालेल्या अ‍ॅडेनिनची अशीच सोय लावते: एपीआरटी त्याला उचलून पुन्हा उपयुक्त रेणूत रूपांतरित करते, आणि त्यामुळे निरोगी माणसाच्या लघवीत अ‍ॅडेनिन किंवा त्यापासून झालेले टाकाऊ द्रव्य जवळजवळ आढळत नाही. मात्र चिपाडे उचलणारा माणूसच जन्मतः नसेल तर ढीग साचतो, आणि त्या ढिगाकडे दुसरेच कोणी वळते.

हे दुसरे कोणी म्हणजे झँथिन ऑक्सिडेज हे विकर. शरीरात यूरिक आम्ल तयार करणारे म्हणून ते ओळखले जाते. पण समोर न वापरलेले अ‍ॅडेनिन आले की ते त्याचे दोन टप्प्यांत ऑक्सिडीकरण करून २,८-डायहायड्रॉक्सिअ‍ॅडेनिन, थोडक्यात डीएचए, हे द्रव्य बनवते. डीएचए रक्तातून मूत्रपिंडात पोहोचते, लघवीत उतरते आणि तिथेच अडचण उभी राहते, कारण ते लघवीत जवळजवळ विरघळतच नाही. एका लिटर लघवीत अवघे काही मिलिग्रॅम विरघळते आणि उरलेल्याचे स्फटिक होतात. हे स्फटिक एकमेकांना चिकटून मूतखडा तयार होतो, किंवा खडा न बनताच ते मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांत अडकतात, नलिकांच्या अस्तरपेशी त्यांना गिळू पाहतात, त्यातून दाह होतो आणि दाहाच्या जागी हळूहळू व्रणासारखे निबर ऊतक वाढते. खड्याची कळ माणसाला दवाखान्यात आणते. नलिकांतील हा दुसरा प्रकार मात्र वर्षानुवर्षे मूकपणे चालू राहतो, आणि म्हणूनच एकदाही मूतखडा न झालेला रुग्ण थेट डायलिसिसच्या खाटेवर पोहोचू शकतो.

न दिसणारा खडा

या विकराचा पूर्ण अभाव आणि त्यातून झालेले खडे यांचे पहिले वर्णन १९७४ मध्ये फ्रान्समधून प्रसिद्ध झाले. त्यानंतर सर्वाधिक रुग्ण जपान, फ्रान्स आणि आइसलँड या तीन देशांतून नोंदले गेले. जपानमध्ये एक विशिष्ट जनुकीय बदल वारंवार आढळतो. चार लाखांहून कमी वस्तीच्या आइसलँडमधील रुग्णांत तर एकच बदल सापडतो, म्हणजे तो एखाद्या समान पूर्वजाकडून पिढ्यान्‌पिढ्या उतरत आला असावा. या तीन देशांत रुग्ण अधिक दिसतात याचे एक कारण तिथले जनुकीय बदल हे आहे, आणि तिथले डॉक्टर हा आजार शोधतात हे दुसरे. वाहकांच्या, म्हणजे जनुकाची एकच सदोष प्रत असणाऱ्यांच्या, प्रमाणावरून केलेल्या अंदाजानुसार सुमारे ५० हजार ते एक लाख लोकांमागे एकाला ही कमतरता असावी. त्या तुलनेत नोंदलेले रुग्ण फारच थोडे आहेत, याचा अर्थ बहुतेक रुग्ण दुसऱ्याच कोणत्या तरी निदानाखाली उपचार घेत असावेत.

निदान हुकण्याची कारणे अनेक आहेत. डीएचएचा खडा साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाही. तो सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये दिसतो. यूरिक आम्लाचा खडाही असाच एक्स-रेला चकवतो, त्यामुळे पहिला संशय त्याच्यावर जातो, आणि खड्याची तपासणी जुन्या रासायनिक पद्धतीने केली तर ती पद्धतही दोन्हींत फरक करू शकत नसल्याने अहवाल ‘यूरिक आम्ल’ असाच येऊ शकतो. अवरक्त किरणांच्या साहाय्याने द्रव्याची ओळख पटवणाऱ्या वर्णपटमापन तपासणीत मात्र खरा प्रकार उघड होतो. या चुकीचा परिणाम केवळ कागदोपत्री राहत नाही. यूरिक आम्लाचा खडा लघवीची आम्लता कमी केल्यावर विरघळू लागतो, म्हणून रुग्णाला सायट्रेटयुक्त सिरप दिले जाते; डीएचएवर त्याचा उपयोग होत नाही, कारण लघवी आम्लधर्मी असो वा अल्कधर्मी, हे द्रव्य अविद्राव्यच राहते. मूतखड्यावर घरोघरी दिला जाणारा कुळथाचा काढा किंवा पानफुटीचा रस यांनीही मूळ रसायन बदलत नाही. भरपूर पाणी पिण्याने स्फटिक होण्याचा वेग काहीसा मंदावतो, एवढेच.

याउलट सूक्ष्मदर्शकाखाली हा आजार स्वतःची ओळख ठसठशीतपणे पटवून देतो. रुग्णाच्या ताज्या लघवीत गोल, तांबूस-तपकिरी, गडद कडा असलेले आणि मध्यातून काटे फुटल्यासारखे दिसणारे स्फटिक आढळतात, आणि ध्रुवीकृत प्रकाशात, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशात, त्यांच्यावर क्रूसासारखी चमकदार आकृती उमटते. तान्ह्या मुलांच्या दुपट्यावर पडणारे तांबूस-तपकिरी डाग हे याच स्फटिकांचे लक्षण असू शकते. घरच्यांना ते रक्ताचे वाटतात किंवा डाग म्हणून धुऊन टाकले जातात. पुढची खात्री रक्तातील तांबड्या पेशींमध्ये एपीआरटीची क्रियाशीलता मोजून किंवा जनुकीय तपासणी करून होते. त्यातही एक खाचखळगा आहे: रुग्णाला नुकतेच रक्त चढवलेले असेल तर मोजले जाणारे विकर दात्याच्या पेशींतले असू शकते आणि अहवाल फसवा येतो. डायलिसिसवरील रुग्णांना रक्त चढवण्याची वेळ वारंवार येते, हे लक्षात घेता ही बारीक बाब गौण ठरत नाही.

प्रत्यारोपणानंतर

मूत्रपिंड पूर्ण निकामी होऊन रुग्ण डायलिसिसवर गेला की या आजाराच्या खुणाच पुसल्या जातात. लघवी कमी होते किंवा थांबते, त्यामुळे तीत स्फटिक शोधण्याची संधी राहत नाही; मूत्रपिंडे आकसलेली असतात, त्यामुळे त्यांची बायोप्सी, म्हणजे सुईने घेतलेल्या तुकड्याची तपासणी, सहसा केली जात नाही; आणि नोंदवहीत ‘कारण अज्ञात’ असा शेरा पडतो. हा शेरा भारतात दुर्मीळ नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय दीर्घकालीन मूत्रपिंडविकार नोंदणीतील ५० हजारांहून अधिक रुग्णांपैकी सुमारे १६ टक्के रुग्णांत आजाराचे कारण ठरवता आले नव्हते. त्यांतील फारच थोड्यांच्या मुळाशी एपीआरटीची कमतरता असेल हे उघड आहे. पण असे रुग्ण लपतात ते याच रकान्यात.

प्रत्यारोपणात जुनी मूत्रपिंडे बहुधा तशीच ठेवून नवे मूत्रपिंड ओटीपोटात बसवले जाते. ते काम करू लागले की लघवी पुन्हा वाहू लागते आणि तिच्याबरोबर डीएचएही वाहू लागते, कारण ते तयार करणारे शरीर तेच राहिलेले असते. काही रुग्णांत अवघ्या काही दिवसांत वा आठवड्यांत नव्या मूत्रपिंडाच्या नलिकांत स्फटिक दिसल्याच्या नोंदी आहेत. बाहेरून दिसते ते एवढेच, की रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने गाळून टाकायचे टाकाऊ द्रव्य, अपेक्षेप्रमाणे उतरत नाही किंवा उतरून पुन्हा चढते. अशा वेळी डॉक्टरांचा पहिला संशय शरीराने परका अवयव नाकारण्यावर जातो, दुसरा हा नकार रोखण्यासाठी दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमससारख्या औषधांच्या दुष्परिणामावर; दोन्ही संशय रास्त आहेत, कारण त्याच गोष्टी नेहमी घडतात. बायोप्सी केली आणि तीत स्फटिक दिसले तरी ते ऑक्झलेटचे समजले जाण्याची शक्यता असते, कारण ध्रुवीकृत प्रकाशात दोन्ही चमकतात. ऑक्झलेटचे स्फटिक रंगहीन असतात आणि डीएचएचे तपकिरी झाक असलेले, हा फरक ओळखायला हा आजार आधी डोक्यात असावा लागतो.

ऑक्झलेटचा उल्लेख येथे आणखी एका कारणासाठी आवश्यक आहे. प्राथमिक हायपरऑक्झल्यूरिया हा या आजाराचा थोरला भाऊ म्हणावा असा विकार: त्यातही एका विकराच्या अभावी स्फटिक होतात आणि तेही नव्या मूत्रपिंडात परततात. त्याच्या पहिल्या प्रकारात दोष यकृतातील विकरात असतो, म्हणून मूत्रपिंडाबरोबर यकृतही बदलावे लागण्याची वेळ दीर्घकाळ येत राहिली. एपीआरटीच्या रुग्णाला अशा मोठ्या शस्त्रक्रियेची गरज पडत नाही. त्याला योग्य वेळी एक गोळी पुरते.

एकाच प्रयोगशाळेतील दोन औषधे

ती गोळी म्हणजे अ‍ॅलोप्युरिनॉल. संधिवाताच्या गाऊट या प्रकारात यूरिक आम्ल कमी करण्यासाठी ती १९६० च्या दशकापासून वापरात आहे. ती झँथिन ऑक्सिडेजला अडवते, म्हणजे अ‍ॅडेनिनचे डीएचए बनवणाऱ्या विकरालाच थांबवते. अ‍ॅडेनिनचा ढीग तसाच राहतो, पण तो लघवीत बऱ्यापैकी विरघळतो आणि निघून जातो. औषध आयुष्यभर घ्यावे लागते, मात्रा लघवीतील स्फटिक नाहीसे होईपर्यंत वाढवावी लागते आणि मूत्रपिंडाच्या क्षमतेनुसार ती डॉक्टरांनीच ठरवायची असते. क्वचित कोणाला त्वचेची गंभीर प्रतिक्रिया येते. अशांसाठी फेबुक्सोस्टॅट हा पर्याय आहे. कोल्हापूरकरांच्या दृष्टीने पथ्याचा मुद्दाही सांगायला हवा: मांस, विशेषतः काळीज-गुर्दा यांसारखे अवयव, अ‍ॅडेनिन ज्यात मोडतो त्या प्युरिन वर्गातील द्रव्यांनी समृद्ध असतात, ही द्रव्ये पाण्यात उतरतात आणि म्हणून तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या अळणी पाण्यातही ती येतात. या रुग्णांनी त्यावर संयम ठेवणे इष्ट आहे. मात्र अ‍ॅडेनिनचा मोठा वाटा शरीरातच तयार होत असल्यामुळे केवळ पथ्यावर विसंबून औषध सोडणे घातक ठरते.

अ‍ॅलोप्युरिनॉलचा इतिहास प्रत्यारोपणाच्या इतिहासाशी विलक्षण रीतीने गुंतलेला आहे. अमेरिकेतील बरोज वेलकम या कंपनीच्या प्रयोगशाळेत गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज या दोघांनी रक्ताच्या कर्करोगावरील ६-मर्कॅप्टोप्युरिन हे औषध विकसित केले, त्यातूनच पुढे शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून दिले जाणारे अ‍ॅझाथायोप्रिन आले. बोस्टनमध्ये १९५४ साली झालेले पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण एकसारख्या जुळ्या भावांमधील होते, म्हणून तिथे शरीराने अवयव नाकारण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. जुळे नसलेल्यांसाठी दार उघडले ते १९६० च्या दशकाच्या प्रारंभी, शल्यविशारद जोसेफ मरे यांनी अ‍ॅझाथायोप्रिन वापरल्यानंतर. अ‍ॅलोप्युरिनॉलचाही विचार प्रथम ६-मर्कॅप्टोप्युरिनचा साहाय्यक म्हणून झाला होता: झँथिन ऑक्सिडेज हे विकर त्या औषधाचे शरीरात विघटन करते, तेव्हा त्या विकरालाच अडवले तर औषधाचा जोर वाढेल, असा तो हिशेब होता. त्या प्रयत्नांत यूरिक आम्ल घटते हे लक्षात आले आणि औषधाला गाऊटचे नवे क्षेत्र मिळाले. एलियन आणि हिचिंग्ज यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक जेम्स ब्लॅक यांच्यासह मिळाले; मरे यांना ते १९९० मध्ये मिळाले.

जो हिशेब एकेकाळी लाभाचा वाटला तोच एपीआरटीच्या प्रत्यारोपित रुग्णात धोक्याचा ठरतो. नवे मूत्रपिंड टिकवण्यासाठी अ‍ॅझाथायोप्रिन आणि ते स्फटिकांपासून वाचवण्यासाठी अ‍ॅलोप्युरिनॉल ही दोन्ही नेहमीच्या मात्रेत एकत्र दिली, तर अ‍ॅझाथायोप्रिनचे विघटन न झाल्याने अस्थिमज्जा दबते आणि रक्तपेशींची संख्या धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. एकत्र देणे अटळच असेल तर अ‍ॅझाथायोप्रिनची मात्रा एक तृतीयांश ते एक चतुर्थांशावर आणावी लागते. आता बहुतेक ठिकाणी त्याऐवजी मायकोफेनोलेट वापरले जात असल्याने ही अडचण टाळता येते. सांगण्याचे तात्पर्य इतकेच, की निदान शस्त्रक्रियेआधी झालेले असेल तर औषधांची निवडच वेगळी होते. फ्रान्समधील तज्ज्ञांनी २०१४ मध्ये आपल्या रुग्णांच्या अनुभवावरून प्रत्यारोपण फसण्याच्या या कारणाला दुर्मीळ परंतु टाळता येण्याजोगे ठरवले, आणि आइसलँडच्या नेतृत्वाखालील संशोधनात प्रत्यारोपणापूर्वीच अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू केलेल्या रुग्णांचे नवे मूत्रपिंड अधिक टिकल्याचे दिसून आले.

नाते आणि दाता

एपीआरटीचे जनुक सोळाव्या गुणसूत्रावर आहे आणि त्यातील दोष अप्रभावी स्वरूपाचा आहे, म्हणजे आई आणि वडील या दोघांकडून सदोष प्रत आली तरच मूल आजारी पडते. एकच सदोष प्रत असलेली व्यक्ती वाहक असते. तिच्याजवळ विकर पुरेसे असते आणि तिला स्फटिकांचा त्रास होत नाही. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक आणि वाहक होण्याची चारात दोन असते.

दक्षिण महाराष्ट्राच्या संदर्भात हे गणित वेगळे वळण घेते. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय आप्तसंबंधांवरील ग्रंथात महाराष्ट्रातील मामाच्या मुलीशी विवाह करण्याच्या रूढीची नोंद घेतली आहे. कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव भागात ही रूढी अजून मोडलेली नाही. समजा, सदोष प्रत लोकसंख्येत अडीचशेत एक या प्रमाणात आहे. नात्याबाहेरच्या विवाहात अपत्याला दोन्ही सदोष प्रती येण्याची शक्यता ६२,५०० मध्ये एक येते. आतेभाऊ-मामेबहिणीच्या विवाहात तीच शक्यता सुमारे ३,८०० मध्ये एक, म्हणजे सोळापटींहून अधिक होते. असा विवाह केलेल्या प्रत्येक जोडप्याला भीती बाळगण्याचे कारण नाही, कारण वाढलेली शक्यताही अल्पच आहे. पण अशा घरातील कोणाचे मूत्रपिंड तरुण वयात निकामी झाले असेल आणि कारण सापडत नसेल, तर आनुवंशिक विकारांचा विचार करायलाच हवा.

दाता निवडताना तर हा विचार अपरिहार्य ठरतो. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा निकटच्या नातेवाइकांना मूत्रपिंड देण्याची मुभा देतो आणि भारतात बहुतेक प्रत्यारोपणे अशा जिवंत दात्यांकडूनच होतात. एपीआरटीच्या रुग्णाची आई वाहक असते, तरीही तिचे मूत्रपिंड चालू शकते. रुग्णाला अ‍ॅलोप्युरिनॉल मिळत राहिले पाहिजे, एवढीच अट असते. भावंडांचे मात्र तसे नाही. रुग्णाचा भाऊ किंवा बहीण स्वतःच निदान न झालेली रुग्ण असण्याची शक्यता चारात एक आहे, आणि अशा व्यक्तीने एक मूत्रपिंड दिले तर धोका दोघांनाही होतो: घेणाऱ्याला आधीच स्फटिकांनी इजा झालेला अवयव मिळतो, आणि देणाऱ्याजवळ तोच आजार सोसणारे एकच मूत्रपिंड उरते. रुग्णाचे निदान झाले, तर भावंडांची लघवी आणि रक्त तपासून हा दुहेरी अपघात टाळता येतो, शिवाय ज्याला अजून काहीही झालेले नाही अशा भावंडाचे मूत्रपिंड औषधाने आयुष्यभर सुरक्षित राखता येते.

प्रत्यारोपणाच्या यादीत नाव नोंदवलेल्या कोल्हापूरच्या रुग्णाने, आणि त्याच्यासाठी आपला अवयव देऊ करणाऱ्या आप्तानेही, शस्त्रक्रियेची तारीख ठरण्यापूर्वी डॉक्टरांना एक प्रश्न निःसंकोच विचारावा: मूळ मूत्रपिंडे नेमकी कशाने निकामी झाली? रुग्णाला किंवा घरात कोणाला वारंवार मूतखडे झाले असतील, ते एक्स-रेमध्ये दिसले नसतील, लहानपणी दुपट्यावर तांबूस डाग पडले असतील किंवा आईवडील एकमेकांच्या नात्यातले असतील, तर ते न विचारता सांगावे. पडलेला खडा फेकून न देता जपून ठेवावा आणि तो वर्णपटमापन करणाऱ्या प्रयोगशाळेतच तपासून घ्यावा. दाता मिळणे, लाखो रुपयांचा खर्च उभा करणे आणि शस्त्रक्रिया पार पडणे या तिन्ही गोष्टी आपल्याकडे कठीणच आहेत. लघवीचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे त्या मानाने अगदीच सोपे आहे, आणि ते शस्त्रक्रियेआधी व्हायला हवे.